दुसऱ्या नंबरावर दोघे, तिसरा गायब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भातकापणी उरकून मैदानं मोकळी झाली की पार मे महिन्यापर्यंत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्या ना कुठल्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेतून हाच प्रश्न येतो: "एक्सेलमधल्या गुणतक्त्याला रँक लावला, तर दोन संघ दुसरे आले आणि तिसऱ्या ओळीत एरर. आता काय करायचं?"

एरर येणारच. 'रँक' हा फॉर्म्युला समान गुणांना एकच क्रमांक देतो आणि पुढचा गाळतो: १, २, २, ४. खालच्या तक्त्यात क्रमांकावरून संघाचं नाव आणणारा 'इंडेक्स-मॅच' ३ शोधत बसतो आणि तो कोणाकडेच नसतो. शिवाय २ वर जो आधी सापडेल तोच दिसतो, दुसरा बिचारा तक्त्यातूनच उडतो. फॉर्म्युल्याचा दोष नाही. बरोबरी कशी सोडवायची हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ते आधी कागदावर ठरवा, आणि पहिल्या बॉलच्या आधी कप्तानांच्या सह्या घ्या. कारण नियमांचा क्रम बदलला की संघ बदलतो. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण, दोघांचे ५ विजय. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलेलं होतं, पण नियमात रनरेट (षटकामागे काढलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक) आधी होता, म्हणून सेमीफायनलला न्यूझीलंड गेला.

क्रम ठरला की 'रँक' विसरा. संघाचा क्रमांक म्हणजे त्याच्यापेक्षा सरस असलेले संघ अधिक १, बस. ही मोजणी 'काउंटइफ्स' करतो, म्हणजे दिलेल्या सगळ्या अटींत बसणाऱ्या ओळी मोजतो. पहिला काउंटइफ्स: गट तोच, गुण जास्त. दुसरा: गट तोच, गुण तेवढेच, आपापसातले (बरोबरीतल्या संघांच्या एकमेकांशी झालेल्या सामन्यांतले) गुण जास्त. तिसरा: तिथपर्यंत सगळं सारखं, रनरेट जास्त. चौथा: रनरेटही सारखा, चिठ्ठीचा आकडा मोठा (चिठ्ठी जिंकणाऱ्याला १, बाकीच्यांना ०). चारही मिळवा, वर १. प्रत्येक रेंजला (सेलच्या पट्ट्याला) डॉलरचं चिन्ह लावा, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही घसरत जाते. चिठ्ठीच्या कॉलमात आधीपासून ० भरून ठेवा. रिकाम्या सेलशी तुलना फसते.

आपापसातल्या गुणांसाठी सामन्यांच्या शीटवर प्रत्येक साखळी सामना दोन ओळींत लिहा, एक ओळ एका संघाच्या बाजूने, दुसरी दुसऱ्याच्या. कॉलम चार: संघ, प्रतिस्पर्धी, मिळालेले गुण, प्रतिस्पर्ध्याचे एकूण गुण. मग 'समइफ्स'ने संघ हाच आणि प्रतिस्पर्ध्याचे एकूण गुण याच्याइतकेच, अशा ओळींची बेरीज घ्या. समजा मालवणने देवगडला हरवलं, देवगडने वेंगुर्ल्याला, वेंगुर्ल्याने मालवणला, आणि तिघांनी कुडाळला. विजयाला २ गुण धरले तर तिघांचे ४-४ आणि आपापसातले २-२. गाडं रनरेटवर येतं. तिघांतला एक सुटल्यावर उरलेल्या दोघांचा हिशेब नव्याने करायचा असा तुमचा नियम असेल, तर मात्र हा फॉर्म्युला ते करत नाही. तेवढं हाताने बघावं लागतं.

खरा घोळ रनरेटमध्ये होतो, आणि तो षटकांच्या टिंबामुळे. ६ षटकांच्या सामन्यात संघ ५.२ षटकांत ५२ वर ऑल आउट झाला. शीट ५.२ ला दशांश समजून ५२ ला भागते आणि १० देते. चेंडू धरले तर ३२ चेंडू, म्हणजे ९.७५. पण ऑल आउट झालेल्या संघाला पूर्ण ६ षटकं धरतात, तेव्हा खरा आकडा ८.६६७. एकाच डावाचे तीन रनरेट! म्हणून षटकं टाइपच करू नका, थेट चेंडू भरा, आणि ऑल आउट असेल तर ३६. स्पर्धेतला रनरेट म्हणजे काढलेल्या सगळ्या धावा भागिले खेळलेले चेंडू गुणिले ६, वजा दिलेल्या धावांचा तसाच हिशेब. सामन्यागणिक रनरेट काढून सरासरी घेणं चूक. आधी बेरजा, मग भागाकार.

हा आकडा 'राउंड'ने तीन दशांशांपर्यंत आणाच. काउंटइफ्सच्या अटीत आकडा पंधरा अंकांवर कापला जातो, आणि लांबलचक अपूर्णांक असला तर संघ स्वतःपेक्षाच सरस ठरू शकतो. मग कधी कधी पहिला क्रमांकच कोणाला मिळत नाही.

बाकी बारीकसारीक. न झालेला सामना रिकामा सोडला तर शीट ०-० बरोबरी धरून गुण वाटते. आधी सेल रिकामा आहे का ते तपासून घ्या. अवकाळी पावसाने अर्धवट राहिलेला सामना गुणांत धरा, रनरेटमध्ये नको. तीच शीट कबड्डीला वापरलीत तर १२-८ एका सेलमध्ये लिहू नका, त्याची तारीख होते. आणि वेंगुर्ला एका ओळीत, वेंगुर्ले दुसऱ्या ओळीत असं झालं की शीटच्या लेखी ते दोन संघ. नावं ड्रॉपडाउनमधूनच निवडा.

शेवटी एका सेलमध्ये गटातल्या क्रमांकांची बेरीज लावा. चार संघांची १० यायला हवी. ९ आली तर कुठेतरी बरोबरी सुटायची राहिली आहे: चिठ्ठी उचला, जिंकलेल्या संघापुढे १ लिहा. तिथे १० दिसेपर्यंत माइकवर सेमीफायनलची नावं पुकारू नका.