कपाटं भोसरीची, घरं पुण्याची : आमची वाटचाल

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. बंद पडलेल्या किंवा जागा बदलणाऱ्या कारखान्यांतली जुनी लोखंडी कपाटं आणि टूल कॅबिनेट घ्यायची, साफसूफ करायची आणि ज्यांना घरी वर्कशॉप थाटायचंय त्यांच्याकडे पोचवायची. यातलं घेणं आणि विकणं कुणालाही जमेल. पैसा, डोकं आणि पाठ खर्ची पडते ती पोचवण्यात.

सुरुवात ह्यांच्या छोट्या हत्तीपासून झाली. भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचा माल इकडून तिकडे न्यायचा, एवढंच काम होतं. 2008-09 च्या मंदीत गाड्यांच्या कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या आणि आसपासचे बरेच छोटे शेड रिकामे व्हायला लागले. लेथ, ड्रिल, ग्राइंडरला गिऱ्हाईक मिळायचं. कपाटं मात्र भंगारवाला किलोवर उचलायचा. सासऱ्यांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं. असंच एक सात खणांचं कॅबिनेट टेम्पोत चढताना त्यांनी पाहिलं आणि ते वजनकाट्यावर जाऊच दिलं नाही. "सूनबाई, यातला एक खण ओढून बघ," म्हणाले. आत ड्रिलचा डबा, व्हाइसचे जबडे, काय काय भरलेलं. तरी खण दोन बोटांनी पूर्ण बाहेर आला, तोही आवाज न करता. असल्या कॅबिनेटचा एकेक खण 75 किलोपर्यंत वजन पेलायला बनवलेला असतो. ते कॅबिनेट सासऱ्यांच्याच एका निवृत्त सोबत्याने नेलं, आणि त्याच्या ओळखीतून पुढची गिऱ्हाइकं आली.

सुरुवातीला सगळे निवृत्त फिटर-टर्नर काका. आता सुतारकामाचा नाद लागलेली आयटीतली मुलं येतात, घड्याळं दुरुस्त करणारे येतात, हौसेने स्वतःचं वायरलेस केंद्र चालवणारे हॅम रेडिओवाले येतात. नवीन पातळ पत्र्याचं कपाट तेवढ्याच पैशात मिळतं, मग जुनं का घ्यायचं, असं विचारणारेही असतात. पुस्तकं-कपडे ठेवायचे असतील तर नवीनच घ्या, असं मी सरळ सांगते. लोखंड ठेवायचं असेल तर लोखंडच लागतं.

खरेदीला मी स्वतः जाते. जुना माल रंगावर घ्यायचा नसतो. खिशातला लोहचुंबक खालच्या पट्टीवरून फिरवायचा; जिथे तो धरत नाही तिथे गंज खरवडून लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली आणि वर रंग मारलेला. कपाट सडतं ते तळातून, कारण शेडमध्ये फरशी धुतली की पाणी तिथेच मुरतं. पत्रा 20 गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटरचा, असला तरच पुढे बोलायचं. कुलपाच्या तोंडावर नंबर शाबूत असेल तर चावी बनते. खणांच्या कॅबिनेटमध्ये आणखी एक गोष्ट बघतेच: एक खण उघडा असताना दुसरा उघडता कामा नये. आतली ती अडसर-पट्टी कुणी 'कटकट नको' म्हणून काढून टाकलेली असते. मग दोन भरलेले खण एकदम बाहेर आले की अख्खं धूड पुढे कोसळतं. पट्टी नसेल तर आम्ही ती बसवल्याशिवाय विकत नाही.

गोदरेजने पोलादी कपाटं बनवायला 1923 साली सुरुवात केली आणि आजही निम्मे फोन त्यांच्या जुन्या स्टोअरवेलसाठी येतात. 78 इंच उंच, 36 रुंद, 19 खोल. सोसायटीच्या लिफ्टचं दार बहुतेक वेळा 2 मीटर उंच असतं आणि 78 इंच म्हणजे 1981 मिलिमीटर. पाय काढले तर बोटभर फटीने आत जातं, नाही काढले तर जिन्याने.

जिना म्हटलं की आमचे मुकादम पुढे होतात. त्यांचं म्हणणं, "वहिनी, वजनाचं भ्या नाही, वळणाचं आहे." आधी सगळे खण काढून त्यांच्यावर खडूने नंबर टाकायचे, कारण वर्षानुवर्षं एकाच चॅनेलमध्ये घासलेला खण दुसऱ्या जागी अडतो. नुसता सांगाडा असला तरी पहार लावून उचलायचा, खाली एक इंची पाइपचे तुकडे सरकवायचे आणि लोटत न्यायचा. मागचा पाइप सुटला की पुढे आणून ठेवायचा. सपाटीवर दोन माणसांत काम होतं. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यावर वरून दोर, खालून खांदा आणि मधे कुणीही नाही. कपाटाच्या किमतीत घासाघीस करा, आम्हीही करतो. हमालीत मात्र एक रुपया कमी होणार नाही. पाठ त्यांची जाते.

सहा माणसांची लिफ्ट 408 किलोची असते, रिकामं कॅबिनेट तिला जड नाही. तरी सेक्रेटरींची परवानगी आधी काढून ठेवा, नाहीतर टेम्पो गेटवर ताटकळतो.

गिऱ्हाइकाशी सगळ्यात जास्त वाद होतो तो जागेवरून. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून काढलेला असतो. भरलेलं सात खणांचं कॅबिनेट अर्ध्या चौरस मीटरवर चारशे-साडेचारशे किलो टेकवतं. एवढ्यानं लगेच काही खचत नाही, पण खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, बीमजवळ ठेवा. बाहेर काढलेल्या गॅलरीत ठेवा म्हणणाऱ्याची ऑर्डर आम्ही घेतच नाही. जुनी इमारत असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, मग आम्हाला.

कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. जुन्या मालावर जीएसटी खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरता येतो, हे आमच्या सीएंनी समजावलं तेव्हा हिशेब जरा श्वास घ्यायला लागला. त्यानंतरच शेजारचा गाळा भाड्याने घेतला. फोटो, मापं आणि मेसेजचं काम आता मुलगा बघतो.

सध्या गाळ्यात ड्रॉइंग ऑफिसमधली नकाशांची कपाटं आलीत. रुंद, उथळ खणांची, ए-झीरो कागद सपाट राहावा म्हणून बनवलेली. कागदच 1189 बाय 841 मिलिमीटरचा, तेव्हा कपाट केवढं असेल बघा. कॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढणं, आल्यावर कारखान्यांना ती अडचण झाली. चित्रकार, ब्लॉक प्रिंटिंगवाले आणि वीनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, साठवणारे सुतार आता ती मागतात. एकावर एक ठेवलेले दोन भाग असतात, ते सुटे करून कुशीवर उभे नेता येतात. फोन करण्याआधी दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा मोजून ठेवा; कपाटाचा भाव त्यानंतर बोलू.