नववी फेरी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी वैशाखातल्या दुपारी कुलरची खस भिजून तिचा वास घरभर पसरला, की आईची क्रोशाची वही कपाटातून बाहेर निघे आणि शेजारच्या काकू आपापले दोऱ्याचे गुंडे घेऊन येऊन बसत. वही घराबाहेर जाणार नाही, एवढी एकच अट असे; ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी तो समोर बसून उतरवून घ्यावा. ‘5 सा., 3 खां., 2 सा.’ अशा तिच्या ओळी आम्हां मुलांना किराण्याच्या यादीसारख्या वाटत. ते साखळी आणि खांब नावाचे क्रोशाचे टाके असतात, हे सुई हाती आल्यावर कळले.

टीव्हीवर घालायच्या गोल रुमालाच्या नवव्या फेरीत आईने दर नक्षीमागे एक साखळी जास्त लिहून ठेवली होती. तेवढ्याने काठ सपाट न बसता किंचित लहरतो. ती साखळी वहीतून वहीत गेली, आणि पुढे इतवारीतल्या एका लग्नात, मुलीकडच्या रुखवतात तोच लहरता काठ दिसला, तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली.

नमुने उतरवून घेण्याची ही रीत लेसइतकीच जुनी आहे. सोळाव्या शतकात युरोपात लेसच्या नमुन्यांची पुस्तके छापली जात. 1561 मध्ये झुरिचला निघालेले असे एक पुस्तक प्रसिद्ध आहे. बायका त्या पानांवर सुईने भोके पाडून नक्षी खालच्या कागदावर उतरवीत, आणि वापरून वापरून पाने फाटत. म्हणूनच त्या काळच्या प्रती आज दुर्मीळ आहेत. कॉपी करण्यासाठीच छापलेली पुस्तके कॉपी होऊनच संपली, याचे मला फार कौतुक वाटते.

आता मात्र कोणीतरी महिनाभर टाके मोजून, उसवून, पुन्हा विणून तयार केलेला आणि विकायला ठेवलेला नमुना एकजण विकत घेते आणि व्हॉट्सॲपवर चाळीसजणींना पाठवते. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखनावरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. पण मला खटकते ते कायद्याच्या आधीचे आहे. दुसरीच्या घरचा रुमाल पाहून, टाके मोजून तो विणणारीला मी चोर म्हणणार नाही, कारण तिने डोळे शिणवलेले असतात. फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो. आणि मीही असे दोन नमुने घेतलेले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाचीने आईच्या वहीचा फोटो मागितला. मी तिला वही आणि पेन दिले. बराच वेळ ती मुकाट्याने लिहीत होती.

“मावशी, नवव्या फेरीत एक साखळी जास्त आहे का गं?”

“आहे. तशीच लिही.”