बाटलीचे पंख

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि स्नेहसंमेलन, सहली सगळं मागे पडून डोळ्यांपुढे आली ती दोन लिटरची एक चेपलेली बाटली.

आठवीत आम्ही चौघांनी पाण्याचं रॉकेट करायला घेतलं होतं. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला घट्ट बूच, बुचात व्हॉल्व्ह आणि सायकलचा पंप. उडवणं सोपंच होतं. सरळ उडवणं जमेना. पहिलं रॉकेट जेमतेम झाडाच्या उंचीला गेलं आणि कोलांट्या खात आमच्याच अंगावर आलं.

पंख लहान पडले, यावर आमचं एकमत झालं. मग मोठे पंख, त्याहून मोठे पंख. पुठ्ठ्याचे पंख पहिल्याच उड्डाणात भिजून लोंबायला लागले. फाईलच्या पातळ कव्हरचे केले, तर ते वर जाताना फडफडले. शेवटी मोठ्ठे जाड पंख लावले, तेव्हा वाऱ्याची झुळूक आली की रॉकेट तिकडेच तोंड वळवायचं. एकाने झटपट चिकटणारा गोंद वापरला. तो प्लॅस्टिक ठिसूळ करतो हे आम्हाला कुठलं ठाऊक! हवा भरता भरता बाटली नेमकी गोंदाच्या डागाशी फाटली आणि चौघेही नखशिखांत भिजलो.

विज्ञानाच्या बाई व्हरांड्यातून बघत होत्या. "बाणाला पिसं मागेच का लावतात रे?" एवढं विचारून त्या तासाला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतळी आणली. रिकामं रॉकेट बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधायला लावला, तिथेच सुतळी बांधली आणि म्हणाल्या, "गोफणीसारखं फिरव." फिरवलं. रॉकेट शेपूट पुढे करून गरगरायला लागलं! अख्खा वर्ग खिडकीत जमला होता, हे वेगळं सांगायला नको.

मग बाईंनी रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापायला सांगितली. तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर जिथे तोलला जाईल, तिथे साधारण दाबमध्य, म्हणजे रॉकेटवरचा हवेचा सगळा जोर जिथे एकवटतो तो बिंदू. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे हवा, निदान बाटलीच्या जाडीइतका, म्हणजे अकरा सेंटीमीटर. आमचा उलट मागेच होता. पंख वाढवले की दाबमध्य मागे सरकायचा खरा, पण पंखांच्या वजनाने गुरुत्वमध्यही त्याच्या मागोमाग जायचा. इतके दिवस आम्ही शेपटीशी झगडत होतो आणि कमी होती नाकात. नाकावरच्या शंकूच्या टोपीत मातीचा गोळा दाबला, पंख निम्मे केले, पुन्हा सुतळी फिरवली. नाक पुढे! (पुढे इंजिनिअरिंगला कळलं की जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मॉडेल रॉकेटचा दाबमध्य गणिताने काढायची रीत मांडली. त्या हिशेबाने खरा दाबमध्य पुठ्ठ्याच्या खुणेपेक्षा मागेच येतो. म्हणजे बाईंचा पुठ्ठा चुकला तरी सुरक्षित बाजूला चुकत होता.)

पंख बसवणं ही मात्र निराळीच डोकेदुखी. रॉकेट उडतं बाटलीचं तोंड खाली करून, त्यामुळे पंख नेमके निमुळत्या गळ्यापाशी येतात आणि त्या बाकदार भागावर सरळ कड टेकतच नाही. तोड सापडली ती दुसऱ्या बाटलीत. तिचा मधला सरळ भाग कापून कडं केलं, ते गळ्याकडच्या बाजूने रॉकेटवर चढवून टेपने जखडलं आणि पंख त्या कड्यावर लावले. तिन्ही पंखांमधलं अंतर सारखं यायला कोनमापक घेऊन बसलो, तर बाईंनी कागदाची एक पट्टी कड्याभोवती गुंडाळली, जास्तीची कापली, तिची तीन सारख्या भागांत घडी घातली. झाल्या खुणा तयार. अजूनही गोल वस्तूचे सारखे भाग करायचे असले की माझा हात आधी कागदाच्या पट्टीकडे जातो.

शेवटचं रॉकेट सुटलं ते पाण्याची पांढरी रेघ ओढत, जराही न डगमगता. वर जाऊन क्षणभर थांबलं, नाक खाली केलं आणि शाळेच्या छपरावर धाडकन आदळलं. शिपाईकाकांनी मधल्या सुट्टीपर्यंत शिडी दिली नाही.

आता एक कबुली. नाकातली ती माती चित्रकलेच्या कपाटातली होती. सरांचा डबा अर्धा कसा झाला, याची तेव्हा बरीच चौकशी झाली होती. सर, आम्हीच ते.