तळबीडच्या आत्या-भाच्या

भाऊबीजेचं ओवाळून झालं, जेवणं झाली, की आमच्या माहेरी सगळे दुपारी आडवे होतात. गेल्या दिवाळीत धाकटा भाऊ झोपला नाही. म्हणाला, "आक्का, दरवेळी तळबीड तळबीड करतीस. चल, आज दावूनच आणतो." त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले आणि निघालो. उंब्रज आणि कराडच्या मधे, पुणे-बेंगळुरू हायवेवर तासवड्याचा टोलनाका लागतो. तिथून पश्चिमेला वळलं की वसंतगडाच्या पायथ्याशी हे गाव. आमच्या गावापासून फार लांब नाही. तरीही पंचावन्न वर्षांत मी कधी मुद्दाम इथं आले नव्हते.

तळबीड म्हटलं की लोकांना सरसेनापती हंबीरराव मोहिते आठवतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र लहानपणापासून हे गाव वेगळ्या कारणानं माहीत होतं. आमची आज्जी जात्यावरून उठता उठता सांगायची, "रानी झाल्या म्हनून काय झालं? माह्यार तळबीडच की त्यांचं." कुठली राणी, ते ती सांगत नसे. तिच्या लेखी त्या सगळ्या एकाच शिवारातल्या लेकी होत्या, उन्हाळ्यात माहेराला येणाऱ्या.

पुढं वाचायला लागल्यावर कळलं, की आज्जी एका राणीबद्दल बोलतच नव्हती. मोहित्यांच्या घरातून लागोपाठ तीन पिढ्या भोसल्यांकडे मुली गेल्या. पहिल्या तुकाबाई, शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी, तंजावरचं राज्य उभं करणाऱ्या व्यंकोजीराजांच्या आई. त्यांचे भाऊ संभाजी मोहिते. त्यांच्या लेकीचं नाव सोयराबाई आणि मुलाचं हंसाजी, म्हणजेच आपले हंबीरराव. आणि हंबीररावांची लेक ताराबाई. म्हणजे तुकाबाई सोयराबाईंच्या आत्या, सोयराबाई ताराबाईंच्या आत्या. तंजावर आणि कोल्हापूर, एकमेकींपासून इतक्या लांबच्या या दोन गाद्या. दोन्हींच्या मुळाशी वसंतगडाखालच्या एका गावातल्या मुली आहेत.

यात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. शिवाजी महाराजांनी ज्यांच्याकडून सुपे घेतलं, ते हेच संभाजी मोहिते, महाराजांच्या सावत्र आईचे सख्खे भाऊ. म्हणजे नात्यानं मामा. सोयराबाई त्याच मामांची मुलगी. पुढच्या पिढीत सोयराबाईंच्या पोटचे राजाराम, आणि त्यांना दिली ती हंबीररावांची लेक. पुन्हा मामाचीच मुलगी. आमच्या भागात आजही लग्न ठरवताना पहिलं मामाचं घर बघायची रीत पुरती गेलेली नाही. राजवाड्यातली सोयरीक म्हणून आपण ज्याला राजकारण म्हणतो, त्याच्या खाली हा साधा कुणबाऊ हिशोबही होता: लेक ओळखीच्या घरात जावी, आत्याच्या नजरेसमोर राहावी.

तळबीडला आम्ही हंबीररावांच्या समाधीपाशी थांबलो. सणाच्या दिवशी कुणीतरी झेंडूची माळ वाहून गेलं होतं. भाऊ नमस्कार करून बाजूला झाला आणि म्हणाला, "बहिणीच्या विरोधात गेला न्हवं ह्यो?"

त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस विचार करत होते.

१६७४ चं साल या घराला भरभरून देणारं होतं. २४ फेब्रुवारीला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडले आणि त्यांच्या जागी हंसाजी मोहिते सरनोबत झाले, हंबीरराव झाले. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा महाराजांच्या शेजारी पट्टराणी म्हणून सोयराबाई बसल्या. भाऊ फौजेचा प्रमुख, बहीण सिंहासनाशेजारी, आणि तिच्या पोटी चार वर्षांचे राजाराम. ते जन्माला आले ते पालथे. लोक अपशकुन म्हणाले, तेव्हा महाराज म्हणाले की हा दिल्लीची पातशाही पालथी घालील. सभासद बखरीतली ही गोष्ट. दुसऱ्याच वर्षी हंबीररावांना मुलगी झाली, त्या ताराबाई.

सहा वर्षांनी, ३ एप्रिल १६८० ला, महाराज गेले. थोरले संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. रायगडावर सोयराबाई आणि काही प्रधानांनी २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं, आणि अण्णाजी दत्तो व मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करायला पन्हाळ्याकडे निघाले. वाटेत कराडजवळ हंबीररावांची छावणी होती. म्हणजे जवळजवळ त्यांच्या घरच्या दारात. आता काय होणार हे उघड होतं: मामा भाच्याच्या बाजूनं उभा राहणार. बहिणीला तसंच वाटलं असणार, प्रधानांनाही. हंबीररावांनी प्रधानांनाच धरलं आणि ते संभाजीराजांकडे गेले.

शाळेत हा प्रसंग आम्हाला 'स्वामिनिष्ठा' म्हणून शिकवला. ती होतीच, आणि फार मोठी होती. बावीस वर्षांचा कर्ता राजा सोडून दहा वर्षांच्या पोराला गादीवर ठेवलं तर औरंगजेबासमोर हे राज्य टिकणार नाही, हे फौजेच्या माणसाला स्पष्ट दिसत असणार. पण या प्रसंगात दुसऱ्या टोकाला एक बाईही आहे. नवरा जाऊन फार दिवस झालेले नाहीत. आणि रायगडावर निरोप पोचतो की तुमच्या भावानं तुमच्या माणसांना कैद केलं. त्या घडीला सोयराबाईंचं माहेर संपलं. माहेर संपतं ते कधी कधी अशा एका निरोपानं.

सोयराबाईंना आपण कायम कारस्थानी सावत्र आईच्या वेषात पाहिलं आहे. त्यांनी केलं ते मी झाकत नाही. पण त्याच १६८० सालात संभाजीराजांनी बाकरे यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात या सावत्र आईचा उल्लेख स्फटिकासारख्या निर्मळ मनाची असा आहे. तो राजा त्या वेळी तसं लिहितो, आणि आपण साडेतीनशे वर्षांनी त्यांना नुसती कैकेयी करून ठेवतो, हे मला बोचतं. पुढच्या वर्षी पुन्हा कट उघडकीला आला आणि १६८१ मध्ये रायगडावरच सोयराबाईंचा शेवट झाला.

यानंतर हंबीररावांनी जे केलं, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बहीण गेल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांनी आपली लेक त्याच भाच्याला दिली. ज्याच्या गादीच्या आड ते आले होते, त्या पोरक्या पोराच्या घरात स्वतःची मुलगी पाठवली. यात राजकारण होतं, संभाजीराजांची संमतीही होती, हे मला कळतं. पण मी बहीण आहे. मला यात एक भाऊही दिसतो, जो तुटलेलं नातं लेकीच्या हातानं पुन्हा जोडू पाहतो. हा माझा अंदाज. कागदात तो सापडणार नाही.

हंबीरराव १६८७ च्या डिसेंबरात वाईजवळच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पडले. ताराबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. सव्वा वर्षात संभाजीराजांचा वध झाला, राजाराम जिंजीला निघून गेले. ताराबाई १६९४ मध्ये त्यांच्याकडे पोचल्या, तिथंच १६९६ ला मुलगा झाला. आणि मग १६९९ चा हिवाळा. औरंगजेब म्हातारपणी स्वतः किल्ले घ्यायला बाहेर पडला, तेव्हा त्यानं पहिला घेतला तो वसंतगड. त्याचं नाव त्यानं 'किलीद-इ-फतेह' ठेवलं, विजयाची किल्ली. इतिहासात ही एक ओळ असते. पण वसंतगड म्हणजे तळबीडच्या घरांच्या मागची भिंत. परसात उभं राहिलं की दिसतो. ताराबाईंचं अंगण बादशहाच्या छावणीखाली गेलं, तेही त्या फक्त चोवीस वर्षांच्या असताना.

२ मार्च १७०० ला सिंहगडावर राजाराम गेले. मुलगा चार वर्षांचा. पुढची सात वर्षं त्या बाईनं जो कारभार केला, त्याबद्दल मला इथं नव्यानं लिहायची गरज नाही. मोगलांचा इतिहासकार खाफीखान, ज्याला मराठ्यांचं कौतुक करायची काही हौस नव्हती, त्यानंही लिहून ठेवलं की नवरा हयात असतानाच मुलकी आणि लष्करी कामात तिच्या अकलेचा लौकिक होता. औरंगजेब १७०७ मध्ये नगरजवळ मेला, मराठ्यांना न जिंकता. मला एवढंच म्हणायचं आहे, की ही अक्कल सासरी आल्यावर उगवली नाही. ती सरनोबताची मुलगी होती. घोडदळाच्या मुक्कामाच्या, रसदीच्या, कोण कुठं फुटेल याच्या गोष्टी ज्या घरात भाकरीबरोबर चालतात, त्या घरातली. राजाची सून म्हणून तिची ओळख करून देताना आपण तिच्या बापाचं हे देणं खाली सोडून देतो.

असंच दुसऱ्या घरांचं. फलटणच्या निंबाळकरांच्या सईबाई १६५९ मध्ये राजगडावर गेल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे. निंबाळकरांची आणि भोसल्यांची देवाणघेवाण त्याआधीपासूनची आणि पुढंही चालू राहिलेली. महाराजांच्या लेक सखुबाई फलटणलाच दिल्या, सईबाईंच्या भाच्याला. त्याच्याही मागं गेलं तर जिजाऊ. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील, २५ जुलै १६२९ ला देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात मुला-नातवासह मारले गेले. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. महिने मोजले की अंगावर काटा येतो. शिवनेरीवर बाळंत होणाऱ्या बाईचा बाप, भाऊ, भाचा सहा-सात महिन्यांपूर्वी एकाच दिवशी कापले गेले होते. बाळंतपणाला माहेरी न्यायचा आपला रिवाज. या बाळंतपणाच्या वेळी माहेरात न्यायला फार थोडे उरले होते.

परत येताना भाऊ उसाच्या कडेला थांबला. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी वंशावळ द्यावी लागली होती, तेव्हा आमच्या घराण्याच्या कागदावर पहिल्यांदा माझं नाव आलं. त्याआधीची एक जुनी वंशावळ आमच्याकडे आहे, सात पिढ्यांची, सुंदर अक्षरातली. तिच्यात एकही बाई नाही, मुलगी नाही, सून नाही. कागदावर नाव आलं आणि चार महिन्यांनी मी हक्कसोडपत्रावर सही करून ते काढूनही घेतलं. कुणी जोर केला नव्हता. जमीन तो कसतो, आईला तो बघतो. सही करताना त्यानं एकदाच विचारलं होतं, "आक्का, मनापासून ना?" त्या दिवशी उसाच्या बांधावर त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी हो म्हणाले, आणि ते खरं होतं. पण मला त्याचं विचारणं हवं होतं, सहीपेक्षा जास्त.

घरी आल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि वंशावळ उलटी काढायला सुरुवात केली. आई, तिची आई, तिची आई. आईच्या बाजूला चौथ्या पिढीत थांबले, कारण पुढची नावं सांगणारं कुणी उरलेलं नाही. मग मागच्या पानावर तुकाबाई, सोयराबाई, ताराबाई काढल्या. आत्यापासून भाचीकडे तिरकी रेघ. वंशावळीत अशी रेघ ओढायची पद्धत नाही, पण या तिघींसाठी तीच खरी आहे.

मार्चमध्ये साताऱ्याला काम निघालं, तेव्हा संगम माहुलीला गेले. ताराबाईंचं पुढचं आयुष्य फार लांब आणि फार कडवट होतं. १७१४ मध्ये सवत राजसबाई, कागलच्या घाटग्यांची लेक, हिच्या बाजूनं कोल्हापूरची सत्ता उलटली आणि ताराबाई मुलासह पन्हाळ्यावर कैदेत गेल्या. पुढं १७३० च्या सुमारास साताऱ्याला आल्या, अजिंक्यताऱ्यावर राहिल्या, पेशव्यांशी भांडल्या, आणि पानिपतानंतर अकरा महिन्यांनी, डिसेंबर १७६१ मध्ये, ८६ व्या वर्षी गेल्या. माहुलीला कृष्णा आणि वेण्णेचा संगम आहे. तिथं नदीकाठी त्यांची समाधी आहे.

पाणी उतरलं होतं. एक आजी खडकावर गोधडी आपटत होत्या. मी बराच वेळ तिथंच उभी राहिलेली बघून त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "कुठल्या वो तुमी?"

मी म्हटलं, राहते पुण्याला, माहेर कराडकडचं. तळबीडच्या जवळ.

त्यांनी नदीकडे हात केला. "ह्ये पानी तिकडंच जातंय की," म्हणाल्या, आणि पुन्हा गोधडी आपटायला लागल्या.