नकाशा त्यांचा, पुसायचा हक्कही त्यांचाच

जव्हार तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरच्या अख्ख्या गावाच्या हक्काच्या, दाव्याची तयारी चालली होती आणि आमची संस्था मदतीला होती. २००६च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर गावाची पारंपरिक हद्द आणि जंगलातल्या वापराच्या जागा दाखवाव्या लागतात. पुरुषांनी ग्रामसभेत बसून ड्रॉइंग पेपरवर स्केचपेनने नजरी नकाशा काढला होता. डांबरी रस्ता, शाळा, नदी, वनखात्याच्या कंपार्टमेंटची (जंगलाच्या गटाची) रेघ, सगळं जागच्या जागी. बायका मागे भिंतीला टेकून बसलेल्या. काही राहिलंय का विचारलं की एकच उत्तर यायचं, "त्यांनी काढलाय तो बरोबर आहे."

मला ते पटत नव्हतं. सरपण, मोहाची फुलं, मृगाच्या सुमाराला शेवळा, लोत, कुळीची भाजी, पुढे बांबूचे कोंब, करांदे, हे बहुतेक बायकांच्याच पाटीतून घरी येतं. जंगलाची खडान्‌खडा माहिती त्यांना, आणि नकाशात त्यांची एक पायवाटसुद्धा नाही!

बरं, वारल्यांमध्ये चित्र काढणं हे मुळात बायकांचंच काम. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी बसते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात लग्नाबाहेर चित्रं काढायला घेतली, ती जगभर पोचली, आणि मग पुरुष चित्रकारांची नावं झाली. पाड्यावर मात्र तांदळाचं पीठ भिजवून भिंतीशी बसणारा हात अजून बाईचाच होता. मी पाड्यातल्या सगळ्यात जुन्या सवाशिणीला विचारलं, "आजी, जंगल काढाल का?" तिने आधी अट घातली. चौक निघणार नाही, देवी निघणार नाही, ते लग्नातच. डोंगर, झाडं, पाणी, माणसं काढायला हरकत नाही.

वैशाखातली सकाळ होती. अंगण शेणाने सारवून वर गेरूचा हात फिरवलेला. आजीने बांबूची काडी दाताखाली ठेचून तिचा कुंचला केला, पिठात बुडवला आणि अंगणाच्या पार मधोमध एक छोटं वर्तुळ काढलं. झरा. मे महिन्यातही न आटणारा. पुरुषांच्या नकाशात हा झरा नव्हताच. मग झऱ्यापासून वाटा फुटायला लागल्या. एका वाटेवर डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका, दुसरीवर वाकून मोहाची फुलं वेचणाऱ्या. प्रत्येक झाड वेगळं: मोह निराळा, ऐन निराळा, आंब्याचा घेर निराळा. हळूहळू तरण्या सुनाही पुढे सरकल्या. "शेवळा त्या उतारावर नाही, वरच्या बाजूला," असं एकीने म्हटल्याबरोबर दोघींनी काड्या उचलल्या. कोणीतरी गाणं धरलं.

डांबरी रस्ता कोणी काढलाच नाही. एका शिकलेल्या पोराने मापाचा मुद्दा काढला. झरा नदीएवढा मोठा दिसतोय म्हणाला. त्याची मावशी म्हणाली, "पाणी भरायला तू येतोस का?" पोरगा गप्प झाला आणि थोड्या वेळाने स्वतःच ढोरं चरायची जागा दाखवायला खाली बसला. या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. सभेत आवाज कोणाचा चढतो ते आधीच ठरलेलं असतं, पण काडी हातात आली की बोलण्याची रांग बदलते.

दुपारी सुईणबाईने डाव्या कोपऱ्यात एक टेकडी काढली. टेकडीवर काही औषधाची रोपं काढली, मुळांसकट. बाकीच्या बायका एकदम थांबल्या. त्यांच्यात हलक्या आवाजात बरंच बोलणं झालं. मग सुईणबाईने शेणाचा ओला गोळा घेतला आणि तो कोपरा सारवून टाकला.

"बाय, यो नको," ती मला म्हणाली.

कारण तिने सरळ सांगितलं. मागे बाहेरची माणसं कंद विकत घेतो म्हणून आली होती आणि एक आख्खा उतार खणून गेली. कागदावर जागा गेली की कागद कुठे जातो, हे आपल्याला कळत नाही. आमच्या सहकाऱ्याच्या मोबाईलमध्ये त्या कोपऱ्याचे फोटो आधीच आले होते. ते त्याने बायकांसमोर पुसले, आणि एका पोरीने मोबाईल हातात घेऊन खात्री केली. ते झाल्यावरच काम पुढे सुरू झालं.

इथे खरा पेच आहे. वनहक्काच्या नियमांतल्या १३व्या नियमात सामूहिक हक्काचे पुरावे म्हणून जे सांगितलंय त्यात चराईच्या, कंदमुळांच्या, पाण्याच्या जागा आहेत, तशाच वैदूंच्या औषधी वनस्पतींच्या जागा आणि देवाची झाडं, देवराया, स्मशानंही आहेत. म्हणजे जे जपायचं तेच उघडं करा. पण तोच नियम एकाहून जास्त पुरावे बघायला सांगतो, सगळेच द्या म्हणत नाही. त्या संध्याकाळी ग्रामसभेत मी हे वाचून दाखवलं. झरा, चराई, भाजीचे उतार, जुन्या माणसांचे लेखी जबाब एवढं द्यायचं, टेकडीचं औषध द्यायचं नाही, असा ठराव झाला. ठराव बायकांनी मांडला. मूळ चित्राचे फोटो ग्रामसभेच्या पेटीत राहणार, आमच्या संस्थेला लागतील तर विचारून घ्यायचे, हेही त्यातच लिहून घेतलं.

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, १९९८ साली आपल्या लोकांच्या माहितीवर मालकी आणि नियंत्रण आपलंच असेल, आणि ती आपल्याला हवी तेव्हा मिळेल, असं तत्त्व मांडलं. आपल्याकडच्या संशोधनात चित्रं, गाणी, नाटुकली गोळा करायचा उत्साह खूप आहे. पण गोळा झालेलं परत मागायची सोय किती ठिकाणी असते? मला वाटतं, ती सोय नसेल तर लोकांच्या हातात रंग देऊच नयेत.

पुढे जीपीएस घेऊन हद्द चालताना आम्ही बायकांच्या वाटांनी गेलो आणि झऱ्याची नोंद दाव्यात पहिल्या पानावर आली. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीसमोर एका साहेबांनी नकाशातल्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून इथे काय आहे असं विचारलं. गावाच्या वनहक्क समितीतली बाई उभी राहिली. "तिथे आमचं जंगल आहे," ती म्हणाली, "आणि हद्दीच्या आत आहे." साहेबांनी मान डोलावली आणि पान उलटलं.