कोल्हापूर ते दाजीपूर, दुचाकीवरून एका दिवसात: जंगल सोपं, उसाचा रस्ता अवघड

"पहाटे पाचला निघा, रस्ता मोकळा मिळतो, साडेसहाला दाजीपूर." गव्यांच्या जंगलासाठी ओळखल्या जाणाऱ्या दाजीपूरची वाट विचारली की हमखास मिळणारा हा सल्ला. एप्रिल-मेमध्ये पाळायला हरकत नाही. पण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे साखर कारखान्यांचं गाळप सुरू असताना, तो सरळ धोकादायक आहे. हंगामात हा रस्ता पहाटे मोकळा नसतोच. ऊसवाहतूक रात्रभर चालते, आणि पहाटे पाचला तुम्हाला भेटतात त्या अंधारातल्या, मागे दिवा नसलेल्या, भरलेल्या डबल ट्रॉल्या. घाट, गवे, धुकं यांची भीती सगळे घालतात, या टप्प्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून आधी तोच.

रस्ता असा: कोल्हापूर, पुईखडीचा चढ, वाशी, कांडगाव, हळदी, परिते-भोगावती, राधानगरी, फेजिवडे, दाजीपूर. एका बाजूचं अंतर साधारण ८० किलोमीटर. वाईट टप्पा म्हणजे पुईखडी उतरल्यापासून भोगावती मागे पडेपर्यंतचा. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये गावं, आणि परित्याजवळ कारखाना असल्यामुळे वजनकाट्याच्या रांगेत थांबलेली वाहनं. मुदाळतिट्ट्याकडून फिरून राधानगरी गाठली तर हे टळेल असं वाटतं. टळत नाही. बिद्रीलाही कारखाना आहे, शिवाय अंतर वाढतं.

ट्रॉलीच्या मागे नेमकं काय होतं ते समजून घ्या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि दुसरी ट्रॉली पहिलीच्या रेषेत चालत नाही. सरळ रस्त्यावर ती डावी-उजवीकडे झोके खाते, वळणावर आतल्या बाजूला सरकते. म्हणजे उजव्या वळणावर तुम्ही ओव्हरटेक करायला उजवीकडून घुसलात तर मागची ट्रॉली तुमच्याच अंगावर येते. वर ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे हात-दीड हात आलेला असतो आणि त्याची टोकं बरोबर हँडल आणि खांद्याच्या उंचीला असतात. ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात, इंजिनाचा आवाज वेगळाच, त्यामुळे हॉर्न ऐकू जात नाही. आरसे असले तरी उसाच्या भाऱ्यामागचं काही दिसत नाही. तुम्ही मागे आहात हे ड्रायव्हरला माहीत नाही, असं धरूनच गाडी चालवायची.

ओव्हरटेक फक्त सरळ, सपाट आणि समोरचं लांबवर दिसणाऱ्या तुकड्यावर करा. आधी ट्रॉलीच्या मागे वीस-पंचवीस मीटर राहून उजवीकडे या, समोर पाहा, एक गियर खाली टाका आणि दोन्ही ट्रॉल्या, ट्रॅक्टर हे सगळं एका दमात मागे टाका. दोन ट्रॉल्यांच्या मधोमध रेंगाळलात तर परत आत शिरायला जागा नसते. डावीकडून कधीही काढू नका. या रस्त्याला बऱ्याच जागी डांबराची कड आणि बाजूपट्टी यांत चार-सहा बोटांची पायरी आहे. पुढचं चाक खाली उतरलं आणि घाईत तिरकं वर चढवायला गेलात की गाडी आडवी होते. उतरलंच चाक, तर आधी वेग कमी करा, सपाट जागा येऊ द्या आणि मगच कडेला जमेल तेवढा काटकोन धरून वर घ्या.

पुईखडीसारख्या चढावर भरलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. नाहीच चढला तर तो मागे येतो. तेव्हा मागच्या चाकाला दगडाची उटी लावतात, दम घेऊन ट्रॅक्टर पुढे जातो, आणि दगड रस्त्यातच राहतो. नारळाएवढे हे दगड अंधारात दिसत नाहीत आणि नेमके दुचाकीच्या रेषेत असतात. म्हणून चढावर ट्रॅक्टरच्या मागे कधीही चिकटू नका, आणि चढ दिसला की वेग चाळिशीच्या खाली आणा.

तिसरी गोष्ट चिखल आणि पाला. तोडीच्या फडातून बाहेर पडणाऱ्या चाकांना काळी माती लागलेली असते, ती पहिल्या पन्नास-शंभर मीटर डांबरावर सांडते. दुपारी ती ढेकूळ असते, सकाळच्या दवात साबण. वाळलेला पाला ओल्या डांबरावर तसाच घसरतो. तोड चालू असलेला फड डावी-उजवीकडे दिसला की ब्रेक न दाबता, फक्त थ्रॉटल सोडून, गाडी सरळ ठेवून तो तुकडा पार करा. रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉल्या भरलेल्यांपेक्षा वाईट. पुढची खेप मिळावी म्हणून त्या वेगात असतात, आणि रिकामी ट्रॉली खड्ड्यावर उडून समोरच्या लेनमध्ये येते. बैलगाड्या आणि अंगद गाड्या, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या बैलगाडीवजा छोट्या गाड्या, हळू असतात, पण अंधारात त्याही दिसत नाहीत.

म्हणून हंगामातलं वेळापत्रक उलटं बसवा. उजाडल्याशिवाय कोल्हापूर सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा पावणेसात ही निघायची वेळ. चहा-नाश्ता कोल्हापुरातच उरका, म्हणजे भोगावती ओलांडेपर्यंत थांबावं लागणार नाही. राधानगरी साडेआठ, दाजीपूर साडेनऊ. परतीला दाजीपूर दुपारी तीनला सोडायचं, काहीही झालं तरी. पाचच्या सुमाराला भोगावती मागे पडली पाहिजे, कारण सहाला अंधार. अडीच-पावणेतीन तास एका बाजूला धरा. दीड तासाचा हिशेब मांडणारे एकतर चारचाकीतून गेलेले असतात किंवा हंगामाबाहेर.

गाडीची तयारी फार नाही. १०० सीसीची गाडीही हे अंतर आरामात करते. येऊन-जाऊन १६०-१७० किलोमीटर, म्हणजे साधारण चार लिटर पेट्रोल. टाकी कोल्हापुरातच भरा. मागे माणूस असेल तर मागच्या टायरची हवा स्टिकरवर दोघांसाठी लिहिलीय तेवढी भरा, कमी हवेत मागचं टोक डांबराच्या कडेवर वळवळतं. चेनचा झोल दोन ते तीन सेंटिमीटर, ऑइल आदल्या रात्री लावलेलं, म्हणजे सकाळी उडत नाही. ट्यूबवाले टायर असतील तर जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि चाक खोलण्याचा पाना घ्या. भोगावती आणि राधानगरीत पंक्चर निघतं, त्यापुढे कोणी मिळेल या भरवशावर राहू नका. हेल्मेटची काच पारदर्शक हवी. काळी काच राधानगरीच्या पुढे झाडीखाली आणि परतीच्या तिरप्या उन्हानंतर घात करते.

राधानगरीपासून पुढचा रस्ता चांगल्या मनाने चालवा, विशेष सांगण्यासारखं नाही. धरण पाहायला अर्धा तास काढा. भोगावती नदीवरचं हे धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या रोजच्या बोलण्यात असतात. फेजिवडे सोडलं की डोंगर जवळ येतात, जलाशय झाडांमधून दिसत राहतो आणि फोनची रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. सावलीतल्या वळणांवर दव दहापर्यंत टिकतं, आतल्या कडेला शेवाळ असतं, तेवढं सांभाळा.

आता दुसरी फसगत. दाजीपूरच्या जंगलात दुचाकी नेता येत नाही. "बाईकवरून जंगल फिरलो" म्हणणारे बहुतेक मुख्य रस्त्यावरूनच परतलेले असतात. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याची गणना होते. आतला रस्ता मातीचा आणि जांभ्याचा, आणि गव्याच्या समोर दुचाकीवरच्या माणसाला कसलाच आडोसा नाही. बंदी योग्यच आहे. आत जायचं ते प्रवेशद्वारावरून चारचाकीने आणि वाटाड्या घेऊन. पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंद असतं, तेव्हा ऑगस्टात गेलात तर गेटवरूनच मागे फिरावं लागेल.

पैशांची गफलत इथेच होते. प्रवेशशुल्क वेगळं, वाटाड्याचं वेगळं, गाडीचं भाडं वेगळं. गाडीचं भाडं पूर्ण गाडीचं असतं, माणशी नाही. दोघंच गेलात तर सगळा बोजा तुमच्यावर पडतो आणि दिवसाच्या खर्चात पेट्रोलपेक्षा हाच आकडा मोठा ठरतो. गेटवर थांबलेल्या दुसऱ्या दुचाकीवाल्यांना विचारा, सहा-सात जण मिळून एक गाडी करा. बसण्याआधी तीन गोष्टी तोंडाने वदवून घ्या: फेरी कुठपर्यंत, किती वेळ, आणि एकूण आकड्यात काय काय आलं. "सावराई सड्यापर्यंत जाऊन परत" हे शब्द स्पष्ट उच्चारा (सडा म्हणजे उघडा कातळ). नुसतं "जंगल फिरवतो" यावर बसू नका, कारण जंगल पहिल्याच पाणवठ्यालाही असतं. शुल्काची पावती मागून घ्या. पैसे फेरी संपल्यावर द्या.

सावराईचा सडा मात्र पूर्ण वसूल. दाट झाडीतून गाडी एकदम उघड्या कातळावर येते, वारा अंगावर आदळतो, आणि पुढे डोंगरामागे डोंगर. उसाच्या रस्त्याचा सगळा शीण तिथे उतरतो. इथे घाई करू नका, वाटलं तर जेवणाची वेळ मोडा. जेवणाचं म्हणाल तर भाकरी, ठेचा आणि माणशी दोन लिटर पाणी बरोबर असू द्या. दाजीपुरात घरगुती जेवण आधी सांगितलं तर मिळतं, ऐनवेळी मागितलं तर तासभर जातो, आणि तीनला निघायचं गणित तिथेच चुकतं. रिकाम्या बाटल्या परत घेऊन या.

गवा जंगलातच भेटतो असं नाही, राधानगरी-दाजीपूर रस्त्यावरही येतो, जास्त करून सकाळी आणि संध्याकाळी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. दिसला की पन्नास मीटरवर थांबा, इंजिन चालू, हॉर्न नाही, दिव्याची उघडझाप नाही. एक गेला म्हणून लगेच पुढे निघू नका, मागे कळप आणि वासरं असतात. त्यांच्या मधून गाडी घातली तर धोका. एकटा नर रस्त्यात उभा राहून अंगाची बाजू दाखवू लागला, मान खाली घातली, फुसफुसला तर गाडी वळवून शंभर मीटर मागे या. मोबाइल काढून जवळ जाणं हा मूर्खपणा आहे.

दाजीपूरहून पुढे फोंडा घाट उतरून कोकणात डोकावून यायचा मोह होतो. एका दिवसाच्या फेरीत तो टाळा. उतरून परत चढायला दीड तास सहज जातो आणि तो तुमच्या उजेडातून वजा होतो. जायचंच असेल तर ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरवणारे पेट्रोल वाचवतात आणि ड्रम ब्रेक तापवून घालवतात. तापलेला ब्रेक शेवटच्या वळणांवर लागत नाही.

कोणत्या महिन्यात जायचं, तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा. ऊस संपलेला, ट्रॉल्या गेलेल्या, पाणी आटल्यामुळे गवे पाणवठ्यावर येतात, दिवस मोठा. ऊन लागतं, पण उन्हाला टोपी-पाणी असतं, दिवा नसलेल्या ट्रॉलीला काही उपाय नाही. तेव्हा मात्र पहाटे पाचला खुशाल निघा. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी वळवाची शक्यता धरा. पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून डांबर गुळगुळीत होतं, पंधरा-वीस मिनिटं थांबा, रस्ता धुऊन निघाला की मग चालू लागा.

आणि हंगामातच गेलात, तीनचे पाच झाले, राधानगरीत अंधार पडला, तर भोगावतीचा तो टप्पा रेटू नका. राधानगरीत मुक्काम करा. तेही जमत नसेल तर कोल्हापूरकडे निघालेल्या एसटीच्या मागे पुरेसं अंतर ठेवून चला. ती ज्या जागी वेग कमी करते तिथे पुढे ट्रॉली किंवा उटीचा दगड आहे असं समजा, आणि ती ओव्हरटेकला बाहेर पडली तरी तुम्ही तिच्यामागोमाग बाहेर पडू नका.