घर का नाही केलं?

मुंबईला आले की दर खेपेला कुणी ना कुणी विचारतंच, "इतकी वर्षं न्यूयॉर्कमध्ये आहात, मग स्वतःचं घर का नाही केलंत?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगते.

मी वेस्टबेथमध्ये भाड्याने राहते. हडसन नदीसमोरची ही बेल टेलिफोनची जुनी प्रयोगशाळा. एके काळी तिच्या पोटातून मालगाडी जायची. प्रयोगशाळा हलली, पण इमारत पाडली नाही. वास्तुविशारद रिचर्ड मायर यांनी ती आतून बदलली आणि १९७० मध्ये तिथे कलावंतांसाठी ३८० च्या वर घरं झाली. ही घरं विकता येत नाहीत. म्हणून तर भाडं परवडतं. बाजारभावाने घर घेतलं असतं तर माझा एचिंगचा प्रेस, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून चित्रं छापायचं यंत्र, ठेवायला कोपराही उरला नसता.

२०११ मध्ये शहराने इमारतीची वारसा म्हणून नोंद केली. आता कुणी हात लावणार नाही, असं वाटलं. पुढच्याच ऑक्टोबरात सँडी वादळ आलं आणि नदी रस्ता ओलांडून तळघरात शिरली. मार्था ग्रॅहम नृत्यसंस्थेचे पोशाख, नेपथ्य तिथेच होतं. आमच्यापैकी कितीजणांचं काम तिथेच होतं. वीज नव्हती. टॉर्च घेऊन खाली उतरलो. माझे ड्रॉवर फुगून बसले होते, ते पहारीने फोडले. वीस वर्षांचे प्रिंट एकमेकांना चिकटून एकच गठ्ठा झालेला, त्याला तेलाचा वास. एक कोपरा सोडवायला गेले तर कागदाचा लगदा बोटांवर आला, आणि त्या लगद्यावर माझी रेघ मात्र स्पष्ट दिसत होती. तांब्याच्या प्लेटा तेवढ्या राहिल्या, हिरव्या पडलेल्या.

भाड्याच्या घरात, नदीच्या तोंडाशी, जन्माचं काम ठेवलंच कसं, असं तेव्हा मीच मला विचारत होते. तो राग अजून गेलेला नाही. पण वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने स्वतःचं काम आवरून स्टुडिओभर दोऱ्या बांधल्या, माझे वाचलेले अकरा कागद वाळवायला. स्वतःच्या फ्लॅटमध्ये मला हे कुणी केलं असतं?

एक गोष्ट मात्र मला बोचते. इथली प्रतीक्षायादी २००७ मध्ये बंद झाली, ती २०१९ मध्ये जेमतेम थोडे दिवस उघडली. आम्ही म्हातारे होतोय आणि जागा सोडत नाही. सोडून जायचं तरी कुठे?

गेल्या महिन्यात एका तरुण चित्रकार मुलीने विचारलं, यादी किती सरकते? मला सांगता येईना. तिला म्हटलं, शनिवारी ये, प्रेस मोकळा असतो. ती येते.